डेन्झिलचे एकोणीस दिवस

माझा धाकटा भाऊ डेन्झिल हा इंग्लंडच्या टोकाजवळच्या सिली बेटांवरचा सगळ्यात चांगला नावाडी आहे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे, घोरतो, आणि माझी करवत बारा वर्षांपूर्वी नेलीय ती अजून 'उद्या' परत करणार आहे. पण बेटांमधल्या खडकाळ पाण्यातून तो प्रवाशांची होडी अशी नेतो, की म्हाताऱ्या बायकांच्या हातातला चहा हिंदकळत नाही. उन्हाळ्यात होडी आणि थंडीत नार्सिससच्या फुलांचं शेत, असं त्याचं वर्ष जातं. सगळी बेटं त्याला ओळखतात, आणि सगळी बेटं त्याला 'एकोणीस' म्हणतात.

आमची शाळा सोळाव्या वर्षी संपते. अकरावी-बारावीसाठी, म्हणजे सिक्स्थ फॉर्मसाठी, बेटावरच्या प्रत्येक पोराला समुद्र ओलांडून पलीकडे वसतिगृहात जावंच लागतं. मी गेले. पहिलं वर्ष रडले, दुसरं वर्ष खाल्लं, आणि गुबगुबीत होऊन परत आले. डेन्झिल गेला आणि एकोणिसाव्या दिवशी मालवाहू जहाजातून, बटाट्यांच्या पोत्यांवर बसून घरी आला. वडील धक्क्यावरच होते. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त त्याच्या हातात होडीचा दोर दिला. लोक म्हणाले, किती समजूतदार बाप! मला ते तेव्हाही पटलं नव्हतं; त्याला परत पाठवायला हवं होतं. पोरगं गणितात माझ्या दसपट हुशार होतं.

'एकोणीस' अशी हाक आली की डेन्झिल सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसतो. त्या हसण्याला मी कधीच फसले नाही.

मग त्याची मुलगी केरेन्झा सोळाची होत आली. या पोरीला पूल बांधायचेत. ज्या बेटावर ओढा ओलांडायला साधी फळीसुद्धा नाही, तिथल्या पोरीला हे खूळ कुठून लागलं देव जाणे, पण लागलं. तिला समुद्र ओलांडणं भागच होतं. आणि गुत्त्यात लोकांच्या जिभा वळवळायला लागल्या.

"काय रे एकोणीस, बाप एकोणीस तर लेक किती? अठरा?"

डेन्झिल हसला. दुसऱ्या दिवशी घरातली शाळांची सगळी माहितीपत्रकं गायब. मला ती सापडली होडीत, इंजिनाच्या झाकणाखाली.

"हे काय?" मी विचारलं.

"तेल गळत होतं. अंथरली खाली."

"डेन्झिल!"

"हल्ली घरी बसून कॉम्प्युटरवरही शिकता येतं म्हणे, ऑनर," तो मला म्हणाला.

"हो का? आणि पूल पण घरी बसूनच बांधेल का, स्वयंपाकघरातून न्हाणीघरात?"

तो खाली बसला. "ती परत आली तर मला काय, आनंदच आहे. पण तिला तो शिक्का आयुष्यभर पुरेल गं. मला विचार ना." एवढं तो तीस वर्षांत पहिल्यांदा बोलला. पोरगी टिकेल अशी शाळा निवडायची होती, आणि निवडायची होती न टिकलेल्या माणसानं.

शेवटी दोन शाळा ठरल्या. दोन्ही पलीकडे डेव्हनमध्ये, आणि दोन्हींचा पालकांना शाळा दाखवण्याचा दिवस ऑक्टोबरातला एकच शनिवार, एकीचा सकाळी तर दुसरीचा दुपारी. फुलांची तोडणी सुरू झालेली, म्हणून त्याची बायको वेन्ना शेतावर राहिली आणि मी बरोबर निघाले. निघालो अर्थातच गुरुवारी. आमच्याकडे लग्न असो, दातांचा डॉक्टर असो, धुक्याचे दोन दिवस आधी धरूनच निघायचं असतं. धुकं उतरलं की विमान उडत नाही. त्या गुरुवारी मात्र आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं लख्ख होतं, आणि दुपारी तीनला आम्ही पहिल्या शाळेच्या गावात हजर.

"दोन दिवस काय माश्या मारायच्या?" डेन्झिल म्हणाला. "चला, निदान दार कुठे आहे ते बघून येऊ."

दार म्हणजे काय, खांबच खांब. आत एक माणूस जिन्याचा कठडा रंगवत होता, फक्त पहिल्या मजल्यापर्यंत, पाहुणे जातील तेवढाच. मोत्यांची माळ घातलेल्या बाई लगबगीनं आल्या.

"अहो, शाळा दाखवायची ती शनिवारी!"

"आम्ही बेटावरून आलोय," डेन्झिल टोपी चुरगाळत म्हणाला. "धुक्यामुळे लवकर निघालो."

"पण आज धुकं कुठंय?"

"म्हणूनच तर पोचलो."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी नाजूक कपांत कॉफी दिली आणि सांगितलं, "शनिवारी या, सगळं तयार असेल."

"आज काय तयार नाहीये?" केरेन्झानं विचारलं. पोरगी माझ्यावर गेलीय.

डेन्झिल खिडकीतल्या फुलांकडे बघत होता. त्यानं एक पाकळी चिमटीत धरली. कापडाची होती. मग त्यानं एकच प्रश्न विचारला. "इथली मुलं रडतात कधी?"

"छे!" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे कुणीच रडत नाही."

"चला," डेन्झिल आम्हाला म्हणाला, आणि कॉफी अर्धी टाकून उठला. मला बिस्किट संपवायचं होतं.

शुक्रवारी दुसरी शाळा. खांब नाहीत, लाल विटांची जुनी बैठी इमारत. वसतिगृहाच्या मागच्या दारात पाण्याचं तळं साचलेलं, आणि त्यात बाह्या सरसावून गुडघ्यांवर बसलेल्या एक धिप्पाड बाई. मुलींच्या वसतिगृहप्रमुख, मिसेस अडेयेमी. धुलाईयंत्र तुंबलं होतं.

"तुम्ही उद्याचे ना?" त्या म्हणाल्या.

"धुक्यामुळे..." डेन्झिलनं सुरुवात केली.

"ते राहू दे. आलाच आहात तर नळीचं हे टोक धरा."

डेन्झिलनं टोक धरलं, मग पाना मागितला, मग पंपच उघडला. नावाड्याला पंप काय सांगायचा! पाच मिनिटांत आतून कुणाचा तरी लोकरीचा मोजा निघाला आणि पाणी खळखळ वाहून गेलं. मिसेस अडेयेमींनी टाळी वाजवली. केरेन्झा तोवर एका मुलीबरोबर प्रयोगशाळा बघायला पसार झाली होती.

स्वयंपाकघरात एक पोरगी डोळे लाल करून मुकाट्यानं पॅनकेक खात होती. ती गेल्यावर डेन्झिलनं आपला प्रश्न काढला. "इथली मुलं रडतात का हो?"

"रडतात म्हणजे? धो धो!" बाई हात पुसत म्हणाल्या. "सुरुवातीचे नव्याचे नऊ दिवस असतात. पुढचा आठवडा दमण्यात जातो. मग सतराव्या दिवसापासून बावीसपर्यंत रडारड. वीस वर्षं बघतेय, चुकत नाही. त्या दिवसांत मी रोज पॅनकेक करते आणि कुणाला काही विचारत बसत नाही. तेविसाव्या दिवशी यांना जेवायला बोलवायला मीच शोधत फिरते. मघाची ती मुलगी उशिरा आली, म्हणून तिचं आत्ता चाललंय."

डेन्झिल तिथल्या पालथ्या टोपलीवर मटकन बसला. "सगळीच?" त्यानं विचारलं.

"निम्म्याच्या वर."

"मी एकोणिसाव्या दिवशी पळालो."

मिसेस अडेयेमींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अरेरे," त्या म्हणाल्या. "अहो, अजून तीन दिवस कळ काढायची होती!"

आणि डेन्झिल हसला. गुत्त्यातलं हसू नव्हे. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. इतकी वर्षं तो समजत होता की आपल्यातच काही कमी आहे, आणि इथे एक बाई त्याला सर्दीचे दिवस सांगावेत तसं सांगत होती. मलाही रडू आलं. मी ते पॅनकेकच्या धुरावर ढकललं.

शनिवारी आम्ही त्याच शाळेत पुन्हा गेलो, रीतसर. केरेन्झानं मुख्याध्यापकांना पुलांवर इतके प्रश्न विचारले की मागचे पालक घड्याळं बघायला लागले. पुढच्या ऑगस्टमध्ये तिचा शाळेचा निकाल चांगला लागला आणि सप्टेंबरात ती गेली.

अठराव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. डेन्झिल माझ्या चहाच्या दुकानात बसला होता, त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मला घरी यायचंय." आवाज असा, की मी हातातली किटली खाली ठेवली.

"उद्याच्या विमानात जागा आहे, मी आत्ता विचारते," मी म्हणाले. डेन्झिलनं हात वर करून मला गप्प केलं.

"आज कितवा दिवस, केर?"

"अठरावा," ती हुंदके देत म्हणाली.

"मग रड. मनसोक्त रड. मी एकोणिसाव्या दिवशी पळालो होतो. सुटलो असं वाटलं, पण सुटलो नव्हतो. हे उतरतं, असं मला कुणी सांगितलंच नाही. मी तुला सांगतोय. बाविसाव्या दिवसापर्यंत थांब. तेविसाव्या दिवशीही यावंसं वाटलं तर मी स्वतः घ्यायला येईन, आणि कुणाची बोलायची हिंमत होणार नाही."

"नक्की?"

"नक्की. आता जा, पॅनकेक खा."

त्यानं फोन ठेवला. मी त्याला दगडाच्या काळजाचा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. आज लाज वाटते. पुढचे चार दिवस त्या माणसानं कसे काढले ते मी पाहिलंय. जो डोळे मिटून होडी लावतो, त्यानं दोनदा ती धक्क्यावर आपटली.

तेविसाव्या दिवशी दुपारी होडी प्रवाशांनी भरलेली, सुटायची वेळ झालेली, आणि डेन्झिलनं धक्क्यावर उभं राहून तिला स्पीकरवर फोन लावला. मी शेजारी. पलीकडून नुसता गोंगाट.

"बाबा! आम्ही कागदाचा पूल केलाय, वर विटा ठेवतोय, अजून मोडला नाही!"

"केर, तू कशी..."

"थांबा हं, आता माझा नंबर. ठेवते!"

खट्.

डेन्झिल होडीकडे वळला आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "माझ्या पोरीनं माझा फोन कट केला! बोलायला वेळ नाही तिला!"

होडीतल्या पाहुण्यांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. धक्क्यावरच्या आमच्या लोकांना सगळं कळलं आणि त्यांनी टोप्या उडवल्या. डेन्झिलनं वेन्नाला फोन करून तेच सांगितलं, विमानतळावर सांगितलं, गुत्त्यात सांगितलं, आणि मग मलाही फोन करून सांगितलं. मी त्याच्या शेजारीच उभी होते.