दुसऱ्याच्या नावाचा श्वास

दुपारी जेवून आडवा झालो की डोळा लागण्याआधी थोडा वेळ मला माझाच श्वास ऐकू येतो. येताना गार, जाताना कोमट. बरगड्या किंचित वर उचलल्या जातात, पोटावरचा घुमटासारखा पडदा खाली दबतो, छातीत जागा होते आणि हवा आपली आपण आत येते. आपण फक्त जागा करून देतो. त्या अर्धवट गुंगीत वाटतं, ही हवा माझी नाहीच. समुद्रावरून आली, घटकाभर टेकली आणि निघाली. मग तीन कागद आठवतात आणि गुंगी उतरते.

त्या कागदांबद्दल खरं काय ते एकदा लिहून ठेवायचं आहे.

बोईसरच्या एका कारखान्यात दवाखान्याच्या खोलीत मी मदतनीस होतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करायचे. पट्ट्या बांधणं, गोळ्या देणं, हात धुवा म्हणून बजावणं आणि वर्षातून एकदा प्रत्येक कामगाराची फुंकण्याची तपासणी घेणं हे माझं काम. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून घ्यायची आणि एका दमात रिकामी करायची. संपली असं वाटलं तरी फुंकत राहायचं. यंत्र कागदावर रेघ काढी. चांगल्या फुप्पुसाची रेघ झपकन वर चढते आणि मग निवांत उतरत जाते. कितीही जोर लावला तरी थोडी हवा आत उरतेच. ती उरते म्हणून फुप्पुस मिटून जात नाही.

त्याच खोलीत गुळाचा डबा असे. दगडाची पांढरी भुकटी दळण्याचा एक विभाग होता. तिथल्या माणसांना पाळी सुटताना गुळाचा एकेक खडा द्यायची पद्धत होती. गुळानं छातीतली धूळ उतरते, असं सगळे मानत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती माणसं यायची, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, जणू धुक्यातून चालत आलेली. मी त्यांच्या तळहातावर गूळ ठेवायचो. गळ्याशी दोन वाटा फुटतात. गूळ जातो पोटाच्या वाटेनं, धूळ जाते शेजारच्या वाटेनं, आणि पुढे त्या दोघांची गाठ पडत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी गूळ वाटला आणि खडा तोंडात टाकणाऱ्याचं समाधान पाहत राहिलो.

त्यांच्यातला एक माझा मित्र होता. तारापूरच्या किनाऱ्यावरचा, होडीवर वाढलेला. एका वर्षी त्याची रेघ वर चढेचना. तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा थोडीशी उठून ती आडवी झाली.

"यंत्र बिगडलंय तुजं," तो म्हणाला.

"यंत्र ठीक आहे."

"मग तू फुंक की माज्या नावावर. पुढच्या वर्साला मी फुंकीन, बग तू."

रेघ खाली आलेल्या माणसाला भुकटीच्या विभागातून काढत, आणि दुसरीकडे जागा नसली की गेटबाहेर. त्याच्या दोन मुली शिकत होत्या. मी दार लोटलं, यंत्रात त्याचं वय आणि उंची घातली, नाकाला चिमटा लावला आणि फुंकलं.

आता खरं सांगतो. मला ते आवडलं. आत कुठेतरी पालवी हलावी तसं वाटलं, आणि रेघ अशी देखणी चढली की मीच तिच्याकडे बघत राहिलो. तो कागद हातात घेऊन हसला. "पैलवान झालो की रं!" म्हणाला, आणि मग बराच वेळ खोकत बसला.

पुढच्या वर्षी मी फुंकलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. नंतर त्याला जिना चढवेना, तेव्हा तो स्वतःहून काम सोडून घरी बसला.

त्याची बायको बाजारात मासळी विकते. तिनं ते तिन्ही कागद प्लास्टिकात घट्ट बसवून घेतले होते. "कंपनीनं लिवून दिलंय, फुप्पुस अव्वल," ती आल्यागेल्याला सांगे. "आन् राजे आमचे, कळशी उचलत नायत. दम लागतो म्हनं!" सहा वर्षं ती हे बोलली. त्यातलं कितीतरी माझ्यासमोर, मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत असताना. तो समुद्राकडे बघत बसे. मीही बघत बसे.

यंदा त्याचं दुखणं फारच वाढलं. पालघरच्या डॉक्टरांनी जुने कागद मागवून पाहिले. तीन वर्षं फुप्पुस इतकं उत्तम होतं, तर हे एकाएकी काय झालं, म्हणून दुर्बीण घालून आतला तुकडा काढायचं त्यांनी ठरवलं. वहिनींनी मला फोन केला, "भाऊ, तुमीच तपासलं हुतं ना? तुमी चला संगती."

सकाळी उमरोळीहून, माझ्या घरून निघालो. त्यांच्या दारात पोचलो तेव्हा वहिनी विळीवर मासे साफ करत होत्या, तो आत खाटेवर टेकून बसला होता. कागद पिशवीतून डोकावत होते. बसायच्या आत मी सांगून टाकलं.

"वहिनी, हे कागद त्याचे नाहीत. मी फुंकलं होतं. तिन्ही वेळा."

त्यांचा हात विळीवर थांबला. लाटांचा आवाज तेवढा येत राहिला, दूर कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

"मग ह्याच्या आत काय हुतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगू लागलो. श्वासाची नळी छातीत उतरून फांद्या फांद्यांनी फुटत जाते, उलट्या झाडासारखी. नळ्यांच्या आतून डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते अडकलेली धूळ वर लोटत राहतात, आपण झोपलो तरी. पण फार बारीक भुकटी त्यांना चुकवून टोकापर्यंत जाते. तिथे कोट्यवधी फुगे, त्यांच्या भिंती इतक्या पातळ की हवा पलीकडच्या रक्तात शिरते आणि रक्तातली घाण इकडे येते. भुकटी तिथे बसली की त्या भिंतींवर व्रण धरतात, त्या जाड होतात. मग हवा दाराशी येते आणि आत जाता येत नाही.

वहिनींनी हातातल्या माशाचा कल्ला बोटानं उघडला. आत लाल, ओली, झालरीसारखी पानं.

"असं?"

"असंच. तो पाण्यातून घेतो, आपण हवेतून."

"ह्यात गाळ भरला का मासा मरतो. ह्ये मला कुनी शिकवाय नको." मग त्यांचा आवाज चढला. "हात धुवा म्हनून सांगता लोकांना, आन् ह्ये केलंत? माजा चहा पीत बसलात, भाऊ! सहा वरसं!"

त्यांनी आत खाटेकडे मान वळवली. "आन् तुमी? माजं बोलनं गिळत बसलात? सांगायला काय झालं हुतं?"

"ह्या माज्या दोस्ताची नोकरी गेली असती," तो म्हणाला. थांबला, दोन श्वास घेतले. "आन् तू बोलायचीस तवा मला बोलाया लागत नव्हतं. दम वाचायचा."

वहिनी हसल्या नाहीत. विळी बाजूला सारून आत गेल्या आणि त्याच्या पाठीवर ओला हात टेकवून उभ्या राहिल्या, आत काय चाललंय ते हातानं ऐकत असल्यासारख्या.

पालघरला डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. मग त्यांनी कागदांवर आडवी काट मारली, दुर्बिणीचं तूर्त थांबवू म्हणाले आणि तो भुकटीत किती वर्षं होता ते विचारू लागले. नंतर त्याच्या तोंडात नळी दिली. मी भिंतीला लागून उभा होतो. त्यानं फुंकलं. रेघ थोडीशी उठली.

"अजून जोरात, काका," डॉक्टर म्हणाले.

त्यानं पुन्हा फुंकलं. मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं. नकळत मीही छाती भरून घेतली होती.

"बास," वहिनी म्हणाल्या. त्यांनी त्याच्या नाकाचा चिमटा स्वतःच काढला. "हाय तेवडाच हाय त्याचा. तेवडाच लिवा, डाक्तर."