अक्काचं रेझिनचं टेबल

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "बेबी, तुझी अक्का गेली गं..." एवढंच बोलले. निमित्त तापाचं झालं, पण कंपवाताने तिला आधीच पोखरलं होतं. आता काही आठवडे लोटले, तरी तिच्याबद्दल 'होती' असं लिहिताना हात अडतो.

माझी ही थोरली बहीण जळगावला मेहरूणमध्ये राहायची, शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर तिला रेझिनचा नाद लागला. लग्नाच्या हारातली फुलं, बाळाचं जावळ, कुणाच्या आजोबांचा चष्मा... लोक घेऊन यायचे आणि अक्का ते सिलिकॉनच्या साच्यात ठेवून वर काचेसारखं रेझिन ओतायची. सुरुवातीला सगळं घर चिकट झालं. दाराच्या कड्या, फोन, भाऊजींचं वर्तमानपत्रसुद्धा. भाऊजी जाम वैतागायचे. मग तिने स्वतःलाच शिस्त लावली. रेझिन आणि ते घट्ट करणारं द्रावण उन्हापासून लांब, वेगवेगळ्या ट्रेमध्ये. झाकणांची अदलाबदल नाही. बाटलीचं तोंड पुसल्याशिवाय झाकण लावायचं नाही. साचे बनवायचं पातळ सिलिकॉन सांडलं तर ओलं असताना फासत बसायचं नाही, घट्ट होऊ द्यायचं, मग ते सालीसारखं निघतं. टेबल असं लख्ख, की आल्यागेल्याला वाटावं इथे काही कामच होत नाही.

आणि मग तिचे हात थरथरायला लागले.

एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. दुपारी ती ओतायला बसली आणि भरलेली बाटली हातातून निसटली. टेबलावरून फरशीवर, तिच्या साडीवर, सगळीकडे रेझिन. मी फडकं घेऊन धावले. ती जागची हलली नाही. लहानपणी धुळ्याला घरात बोलायचो, त्या बोलीत हळूच म्हणाली, "बठ्ठं सांडाई गयं, बेबी... मना हात आते मनं ऐकत नही." तिला असं रडताना मी क्वचितच पाहिलं होतं.

भाऊजी उठले. चप्पल घालून बाजारात गेले आणि दाबायचे दोन पंप घेऊन आले, हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीला असतात तसे. बाटल्या ट्रेमध्ये घट्ट बसवल्या, प्रत्येकीला तिचा पंप. अक्काने तळहाताने दाबलं. एक थेंब बाहेर गेला नाही. ती हसली. पुढे तेही जमेना, तेव्हा भाऊजी तिच्या शेजारी बसून ओतायला लागले आणि ती शाळेतल्या बाईंसारखी सूचना द्यायला.

"हळू. धार तुटू देऊ नका."

"नाही तोडत."

"बुडबुडे येताहेत, गडबड कशाला करता?"

"तुम्ही बोलत राहता म्हणून, बाई!"

आयुष्यभर एकमेकांशी कामापुरतं बोलणारी ही दोघं... त्या टेबलाशी मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं.

दहाव्या-तेराव्याची गर्दी ओसरल्यावर सावद्याहून एक बाई आली. तिला अक्का गेल्याचं ठाऊक नव्हतं. तिच्या वारलेल्या आईने शिवलेल्या गोधडीचा एक तुकडा तिने अक्काकडे दिला होता. तो टेबलावरच होता. खालचा थर घट्ट झालेला, तुकडा त्यात अर्धा रुतलेला. वरचा थर ओतायचा राहिलेला. भाऊजी म्हणाले, "बसा ताई. मी ओतून देतो, मला येतं आता." पंपावर हात ठेवला त्यांनी, पण दाबवेना.

बाईने तो तुकडा जवळ ओढला. उघड्या राहिलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "असंच न्यायचंय मला. आईच्या टाक्यांना हात तरी लागतो."

भाऊजींनी ते उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं. मात्र आपला हात काढून घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.