अकरा एक्के

ठाकुरवाडीच्या रेल्वे-केबिनमधले तात्या कुठलाही आकडा दिसला की आधी तो फोडायचे. इंजिनाचा नंबर, माझ्या तिकिटावरचा नंबर, काही सुटायचं नाही. "बाई, ह्याला तेरानं भाग जातोय," हे असं सांगायचे की जणू घरात पेढे वाटायचेत. मी कर्जतच्या शाळेत गणित शिकवायची, म्हणून सुटीच्या दिवशी घाट उतरून वह्या माझ्याकडे आणायचे.

एक आकडा मात्र त्यांना फुटेना. ओळीनं अकरा एक्के. "समदे एकासारके एक. कुटं फटच नाय," म्हणायचे. त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत भागून पाहा, तोवर भाग गेला नाही तर तो अविभाज्य, हे मीच त्यांना सांगितलं. वाटलं, एवढं ऐकून माणूस गप्प बसेल. कसचं! दिवसाला नऊ-दहा भागाकार सुरू झाले. केबिनच्या दोन्ही अंगांना बोगदे. घंटा झाली की भागाकार अर्धा टाकून लिव्हर ओढायचा, गाडी गेली की तिथूनच पुढे.

कर्जतला बदली दोनदा चालून आली. तात्या नाही म्हणाले. "तितं गाड्याच गाड्या. एक भागाकार पुरा व्हायचा नाय. ह्यो सुटला का मंग जाईन." तिकडे कर्जतजवळ कडावला, तात्यांच्या घरी, त्यांची बायको, आमच्या काकू, एकट्या भातशेती बघत होत्या. बाजारात भेटल्या की एकच विचारायच्या, "बाई, कदी सुटंल वो त्ये?" मला त्यांच्याकडे बघवत नसे. हद्द मी आखून दिली होती, आणि त्या दोघांना आत मीच कोंडलं होतं.

आठव्या वर्षी तात्या सगळ्या वह्या घेऊन आले. "नाय फुटला. तपासा. तुमी बरोबर म्हनलात का उद्याच बदलीचा अर्ज."

आठवडाभर मी तपासत होते. दुसऱ्या वर्षाच्या वहीत एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासचा भागाकार होता. अर्ध्यावर शाई बदललेली. मध्येच घंटा झाली असावी, कारण पुढे हातचा एक राहून गेला होता. मी तो नव्यानं करून पाहिला. बाकी शून्य. सहा वर्षांपूर्वीच सुटका होती, आणि तात्या तिच्यावरून पुढे निघून गेले होते.

रविवारी दोघं दारात उभी राहिली. काकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी शेवटच्या पानावर लाल शाईनं 'बरोबर' लिहिलं. साऱ्या नोकरीत चुकलेलं गणित तेवढं एकच मी बरोबर दिलं. काकू तिथंच रडायला लागल्या.

त्यानंतर तात्या पंधरा वर्षं कडावला राहिले. भेटले की हसायचे, आकड्याचं नाव काढत नसत. मनातला तो 'बरोबर' मला काही सोडत नव्हता. ते गेल्यावर काकू वह्या घेऊन आल्या. "रद्दीत घालवंना. तुमी ठेवा."

मी दुसऱ्या वर्षाची वही उघडली. त्या भागाकाराशेजारी तोच भागाकार पुन्हा मांडलेला होता. बाकी शून्य. तारीख ते कडावला परतले त्या पहिल्याच महिन्यातली. खाली तात्यांच्या अक्षरात एक ओळ होती: "बाईंना कळवू नये. मनाला लावून घेतील."