पेंटरचे बाक

आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या म्हणून गाव त्यांना पेंटर म्हणायचं. त्यांच्या बायकोनं जन्मात कधी ब्रश हातात धरला नव्हता, तरी ती झाली पेंटरीणबाई. पुढे छापील पाट्या आल्या, काम आटत गेलं आणि एक दिवस पेंटरांनी शिडी जिन्याखाली ठेवली ती कायमचीच. पण डोळ्याची सवय थोडीच जाते! रस्त्यानं चालताना अजूनही ते एकेका पाटीपुढे थबकत आणि निकाल देऊन मोकळे होत. "हे अक्षर बघ, पोट सुटलंय त्याला." नाहीतर, "पिवळ्यावर पांढरं! लपवायचंच होतं तर पाटी लावली कशाला?" पाटीच्या बाबतीत त्यांचं तत्त्व एकच. रस्त्यापलीकडच्या माणसाला वाचता आली ती पाटी, बाकी सगळं लाकूड.

हे निकाल ऐकायला पेंटरीणबाई नेहमी बरोबर असायच्या. मग त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं. पण बाई काही घराबाहेर पडेनात.

"चालायला माझी ना नाही," त्या म्हणायच्या. "पण मधेच पाय भरून आले तर टेकू कुठे? लोकांच्या पायरीवर?"

गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर, त्यांच्या थोरल्या ताईचं घर होतं. पूर्वी दोघी बहिणी दिवसाआड एकमेकींकडे असत. आता महिन्यातून एकदा मुलगा गाडी काढायचा. "गाडीत ठेवतात, गाडीतून उतरवतात," बाई म्हणायच्या. "पार्सल झालंय माझं."

पेंटरांच्या मनाला ते लागलं. त्यांनी गावातले बाक शोधायला सुरुवात केली. बघतात तर बाक होते की! शाळेच्या कुंपणाला लागून होता, पोस्टामागच्या गल्लीत होता, लाँड्रीच्या मागे होता, औषधाच्या दुकानासमोर होता. इतकी वर्षं गावाकडे मान वर करून पाहिलं, त्यामुळे गुडघ्याच्या उंचीचं काही नजरेतच आलं नव्हतं. पण कुठला बाक कुठे हे सगळं डोक्यात राहीना. एकदा जेवताना ते सुनेला म्हणाले, "यांची कुठेतरी नोंद पाहिजे."

सून दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिनं फोन पुढे केला. "बाबा, हा नकाशा बघा. हा कुठल्या कंपनीनं केलेला नाही. जगभरचे लोक आपापल्या गल्लीतलं त्यात भरतात, फुकट. तुम्हीही भरू शकता."

तिनं करून दाखवलं. जागेवर बोट ठेवायचं, काय आहे ते निवडायचं, त्याला टॅग म्हणतात. बाक निवडला की नकाशा उलट प्रश्न विचारतो. लाकडी की दगडी? तोंड कुठल्या दिशेला? पाठ आहे का?

"पाठ आहे का!" पेंटर खूश झाले. "डोकं आहे हो कुणालातरी."

त्या दिवसापासून पेंटर रोज फोन घेऊन बाहेर. प्रत्येक बाकावर आधी स्वतः बसायचं, पाठ टेकून बघायची, मगच भरायचं. गावातला शेवटचा बाक भरून झाला तेव्हा ऐटीत घरी आले, बायकोच्या शेजारी बसले आणि नकाशा उघडला.

"हे बघ."

बाईंनी चष्मा लावला. रस्ते दिसले, चौक दिसला, नदी दिसली. बाक एकही नाही. पेंटरांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी सबंध पडद्यावर एकच गल्ली उरली, तेव्हा कुठे तिच्या कडेला तांबूस रंगाचा एक ठिपका उगवला.

"मुंगी आहे का ही?" बाईंनी विचारलं.

पेंटरांचा पारा चढला. एवढी पायपीट केली ती मुंग्या काढायला? ही काय पाटी झाली? नकाशा मागेपुढे करताना त्यांच्या लक्षात आलं की गावाबाहेरच्या टेकडीवर 'व्ह्यू पॉइंट' आहे, तो मात्र लांबूनच उठून दिसतो. त्यांनी त्या खुणेकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक करत सगळे बाक व्ह्यू पॉइंट करून टाकले. नकाशा झळकला.

"अगंबाई," पेंटरीणबाई म्हणाल्या, "आपल्या गावात एवढं बघण्यासारखं आहे?"

"आता आहे," पेंटर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी फोनवर एक निरोप आला. पाठवणाऱ्याचं नाव गोगलगाय. नकाशात असं टोपणनाव घेता येत असे. पेंटरांनी आपलं पेंटरच ठेवलं होतं.

'नमस्कार. पोस्टामागच्या गल्लीतून काय बघायचं असतं?'

'बाक आहे तिथे,' पेंटरांनी लिहिलं.

'मग बाकच लिहा ना.'

'लिहिलं होतं. दिसत नाही.'

'नकाशात उठून दिसावं म्हणून भलतंच लिहायचं नाही, असा इथला रिवाज आहे. जागेवर जे आहे तेच लिहायचं. ते कसं दाखवायचं, हे नकाशा रंगवणारे ठरवतात.'

'रंगवणाऱ्यांना डोळे नाहीत,' पेंटरांनी ठणकावून लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. जन्मभर आपण रंगवलं, आणि आता रंगवायचं कसं हे एका गोगलगायीनं सांगावं!

टेकायला बाक आहेत म्हटल्यावर बाई घराबाहेर पडू लागल्या होत्या, पण त्यांची मजल तेव्हा लाँड्रीमागच्या बाकापर्यंतच होती. तो घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या रविवारी दोघं तिथे बसले होते. समोर लाँड्रीची मागची भिंत, भिंतीतून वाफ सोडणारा नळ आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दोन सायकली वळल्या. एक नवरा, एक बायको, दोघंही घामानं निथळत होते. नवऱ्याच्या हातात फोन.

"आजोबा, इथे व्ह्यू पॉइंट आहे ना? कुठून जायचं?"

पेंटरांनी नजर चादरींकडे वळवली. बाईंनी मात्र एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या फोनकडे, आणि बाकावर थोडं सरकून जागा केली.

"हाच," त्या म्हणाल्या. "या, बसा."

सायकलवाल्यानं भिंतीकडे पाहिलं. "काय दिसतं इथून?"

"सकाळी चादरी," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "दुपारनंतर टॉवेल."

सायकलवाल्याची बायको खळखळून हसली. "बरं झालं बाई! पोस्टामागे गेलो तर कचऱ्याचे डबे. तिथून एवढ्या उन्हातून इथे आलो. मी यांना म्हणतच होते, कुणीतरी आपली फिरकी घेतंय."

बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दोघं पाणी प्यायले, नळातून फुसकन वाफ सुटली तेव्हा टाळ्या वाजवून निघून गेले. बाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. पेंटरांचे कान मात्र लाल झाले होते. ऐन उमेदीत एका दुकानदारानं त्यांना 'गावातलं सर्वांत जुनं दुकान' असं लिहायला सांगितलं होतं. दुकान उघडून आठवडा झाला नव्हता. पेंटरांनी रंगाचे डबे उचलून सरळ घरचा रस्ता धरला होता. आणि आज त्याच पेंटरांनी कचऱ्याच्या डब्यांवर व्ह्यू पॉइंटची पाटी लावली होती.

घरी येताच त्यांनी सगळे व्ह्यू पॉइंट पुन्हा बाक करून टाकले आणि गोगलगायीला लिहिलं, 'तुमचं खरं. आज माझ्यामुळे दोन माणसं लाँड्री बघून गेली.'

उत्तर लगेच आलं. 'मनाला लावून घेऊ नका. मी सुरुवातीला आमच्या घरामागची पायवाट हमरस्ता म्हणून भरली होती, ठळक दिसते म्हणून. एक दिवस तिथे ट्रक येऊन अडकला. भेटू या का? मी बस चालवते. दुपारी शेवटच्या थांब्यावर गाडी बराच वेळ उभी असते.'

चष्मेवाला, काडीपैलवान पोरगा असणार असं पेंटरांनी मनाशी धरलं होतं. 'चालवते' हे त्यांनी घाईत वाचलंच नव्हतं. बसच्या पायरीवर बसली होती गणवेशातली एक धिप्पाड बाई, हातात थर्मास.

"या काका," ती म्हणाली. "चहा घेणार ना?"

"तुम्ही... गोगलगाय?"

"गर्दीच्या वेळी प्रवासी मागून हेच ओरडतात. म्हटलं, कशाला रागवा? नावच घेऊन टाकलं."

पेंटर हसले आणि पहिल्या घोटातच त्यांचं भांडण संपलं. पण मनातला सल त्यांनी बोलून दाखवलाच. "खोटं लिहायचं नाही, पटलं. पण न दिसणाऱ्या खऱ्याचा उपयोग काय?"

"काका, एखाद्या किराणावाल्यानं पाटीवर दुकानातल्या सगळ्या मालाची नावं लिहा म्हटलं असतं तर?"

"हाकलून दिला असता. पाटी आहे की बाजाराची यादी?"

"अहो, तसंच हे. फोनवर पहिला दिसतो तो नकाशा सगळ्यांसाठी असतो. त्यात प्रत्येक बाक ठळक केला तर रस्त्याचं नाव कुठे मावणार? पण आपण भरतो ती माहिती वेगळी आणि नकाशा वेगळा. माहिती एकच, तीही सगळ्यांना खुली. तिच्यावरून सायकलवाले आपला नकाशा करतात, डोंगर चढणारे आपला करतात. कुणाला काय हवंय तेवढंच ठळक करायचं."

पेंटरांनी कप खाली ठेवला. "मग निव्वळ बाकांचा नकाशा कुणी केलाय का?"

"आपल्या गावचा? नाही बुवा."

"आपण करायचा?"

"माहिती काढून मांडायचं काम मला जमतं," ती म्हणाली. "रंगांचं मात्र मला काही कळत नाही."

"ते माझ्यावर सोडा," पेंटर म्हणाले, आणि घरी येऊन जिन्याखालची शिडी बाजूला करून त्यांनी ब्रशांची पेटी बाहेर ओढली.

पुढचे काही आठवडे घराचा कारखाना झाला. रस्ते फिके राखाडी ठेवायचे, चढाचे रस्ते जरा गडद, पाठ असलेला बाक भरीव निळा, बिनपाठीचा नुसता कडेनं निळा. सून म्हणाली, "बाबा, स्वच्छतागृहंही दाखवा. दवाखान्यात येणारी म्हातारी माणसं आधी तेच विचारतात." तीही आली. बाकाची खूण पेंटरांनी कागदावर काढून बायकोपुढे धरली.

"घोडा छान आहे," बाई म्हणाल्या.

"घोडा नाही, बाक आहे!"

"मग त्याला मान कशाला दिलीय?"

पाठ कमी तिरकी केली, पाय आखूड केले. बाईंनी चष्मा न लावता लांबून ओळखला तेव्हाच ती खूण कायम झाली. गोगलगायीनं ती नकाशावर बसवली, कागदावर छापून आणली. एक प्रत दवाखान्यात लागली, एक तिच्या बसमध्ये. छापील कागद आहे म्हणून पेंटरांनी नाक मुरडलं नाही, हे सुनेनं मुद्दाम सगळ्यांना सांगितलं.

मग एका सकाळी पेंटर दाढी करत होते, तर पेंटरीणबाई बूट घालून, नकाशाची घडी हातात घेऊन दारात उभ्या.

"चला."

"कुठे?"

"ताईकडे."

"चालत?"

"उडत जाता येतं का?"

दोघं निघाले. लाँड्रीमागे बसले, शाळेच्या कुंपणापाशी बसले. प्रत्येक बाकावर बाई नकाशावर नखानं खूण करत आणि "आता हा" म्हणत उठत. पोस्टामागच्या बाकावर कुत्रं झोपलं होतं; त्याला न उठवता त्या एका टोकाला टेकल्या. पुढचा बाक औषधाच्या दुकानासमोरचा. ताईच्या चढाआधीचा तोच शेवटचा. बाईंच्या पावलांचा वेग मंदावला होता, पेंटरांच्या हातावरचा भार वाढला होता. कोपऱ्यावरून वळले आणि पेंटर जागीच थबकले. जमिनीत नुसते बोल्ट. बाक गायब.

"मी स्वतः बसलो होतो इथे," पेंटर म्हणाले. "लाकडी. पाठ असलेला."

"आता तुमच्या पाठीवर बसू का?" बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज दमला होता.

दुकानातून औषधवाला धावत आला, हातात खुर्ची. "बसा, आजी, बसा. बाक रंगवायला नेलाय, परवा येईल परत."

बाई बसल्या. पेंटरांच्या जिवात जीव आला आणि लगेच त्यांनी विचारलं, "कुठला रंग देणार आहेत?"

"हिरवा म्हणे."

"हिरवा!" पेंटर कळवळले. "मागे हिरवं कुंपण आहे ना! कुणाला दिसणार?"

बाई इतक्या हसल्या की औषधवाल्यानं पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळानं त्या उठल्या आणि चढाकडे बघून म्हणाल्या, "हात धरू नका. नुसते शेजारून चला."

ताईनं दार उघडलं. हातात भिजलेलं फडकं, तोंड उघडंच. तिनं बहिणीच्या मागे डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"गाडी कुठे लावली?"

"गाडी नाही. बसत बसत आले."

ताईनं फडकं तिथेच टाकलं आणि बहिणीला मिठी मारली. मग दोघी एकदम बोलू लागल्या, आणि पेंटरांनी आपली खुर्ची आपणच ओढून घेतली. चहा झाला, नकाशा झाला, घोड्याची गोष्ट झाली. ताईलाही चढ उतरून बाजारात जाणं नकोसं झालं होतं. तिला धाप लागायची.

"हा कागद माझ्याकडे ठेवून जाशील?" तिनं विचारलं.

"ठेवणार नाही," बाई म्हणाल्या. "ऊठ. बरोबर चल."

परतताना दोघी बहिणी हातात हात घालून पुढे आणि पेंटर मागे, ताईच्या बागेतल्या लिंबांची पिशवी सांभाळत. शाळेच्या कुंपणापाशी आल्यावर दोघी बाकावर बसल्या. मधे पर्स ठेवल्या, गुडघे एकमेकींकडे वळवले आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणं सुरू झालं. पेंटर या पायावरून त्या पायावर भार देत उभे राहिले. त्यांनी एकदोनदा खाकरून पाहिलं. जागा काही होईना.

शेवटी पेंटरीणबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, घडी केलेला नकाशा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही पुढच्या बाकावर जाऊन बसा ना. आम्ही येतो."