परसराम सुताराचं पिंप

परसराम सुताराबद्दल श्यामरावांना फारसं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. त्याला मुलं किती, लाखांदुरात त्याचं घर कुठल्या बाजूला, तो चिडला म्हणजे कसा दिसतो, यातलं काहीच त्यांना सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत भेटी झाल्या त्या बहुतेक वर्षातून एकदा. एका चवीनं त्या माणसाला झपाटलं होतं, एवढंच त्यांना माहीत. आणि ती चव श्यामरावांनी कधी घेतलीच नव्हती, हे परसरामला माहीत नव्हतं.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. श्यामराव तेव्हा साकोलीला वनखात्यात कारकून होते. नागझिऱ्याच्या पाखरांचा अभ्यास करायला रेमों नावाचा एक फ्रेंच साहेब आला होता आणि गावाबाहेर शेतातल्या एका कौलारू घरात राहत होता. त्याच्या सामानात ओकच्या लाकडाचं एक पिंप होतं, कळशीहून थोडं मोठं. त्याच्या मुलखातले शेतकरी हिवाळ्यात अशा पिंपात जवाची बिअर आंबवतात आणि उन्हाळ्यात शेतावरच्या माणसांना पाजतात, असं तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायचा. प्रवासात पिंपाचं लोखंडी कडं निसटून फळ्या सुटल्या होत्या. म्हणून कोणीतरी परसरामला बोलावलं; तो त्या दिवसांत कामासाठी साकोलीतच मुक्कामाला होता.

परसराम बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाकं करायचा. चाकावरची लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. धाव आकसते आणि लाकडाला आवळून धरते. पिंपाचं कडं त्यानं तसंच बसवलं. पाणी ओतल्यावर ओल्या लाकडाची वाफ उठली. ती नाकात जाताच तो थांबला. "हे लाकूड आपल्या रानातलं नाही," म्हणाला. मग काम संपलं तरी तो रोज यायला लागला.

साहेबानं नागपूरहून आणलेले जव भिजवून, पोत्याखाली झाकून मोड आणले, तेव्हा परसराम खो खो हसला. "अजी, हे तं आमी धानाले करतो! मोड आणून चिखलात फोकतो. साहेब पिऊन राहिला!"

उन्हाळा लागला आणि पिंप उघडलं. श्यामराव काही कागद घेऊन नेमके तेव्हाच तिथं पोचले. साहेबानं तीन पेले भरले. श्यामरावांच्या घरी तेव्हा वडिलांपुढे दारूचं नाव काढायची सोय नव्हती. प्यायची भीती वाटत होती आणि साहेबाला नाही म्हणायचा संकोच. परसरामनं घोट घेऊन डोळे मिटले, साहेब तोटी पुसायला वाकला, आणि श्यामरावांनी आपला पेला हळूच पपईच्या बुडाशी ओतून दिला.

"काहून बोलत नाही, बाबूजी? कशी लागली?"

"छान."

"छान काय म्हणता! आधी आंबूस, मंग जांभळाच्या बीसारखी तुरट. आन् सगळं गेल्यावर जिभेवर लाकूड रायते. इतकी वर्षं लाकूड तासलं, त्याची चव आज समजली."

पावसाआधी साहेब आपल्या देशी गेला. पिंप सोबत नेलं. परसरामला त्यानं तळाच्या गाळाची एक बाटली दिली. विरजण राखावं तसा परसरामनं तो गाळ राखला.

शहात्तरच्या चैत्रात तो लाखांदुराहून एसटीनं श्यामरावांच्या घरी आला, काखेत स्वतः केलेलं बिजाच्या लाकडाचं पिंप घेऊन. साहेब बिअरमध्ये घालायचा त्या कडू फुलांऐवजी त्यानं कडूनिंबाचा फुलोरा घातला होता.

"ती चव तिघांनी घेतली, बाबूजी. साहेब गेला. आता बरोबर का चूक, हे तुमच्याशिवाय कोण सांगन?"

"तुम्हीच सांगा ना, परसरामभाऊ."

"माह्या जिभेचा भरोसा नाही. तिले पायजे तेच लागते."

पपईचं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पेला उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा दारूचा घोट घेतला. कडू आणि आंबट, दात आंबले. "ती नाही," ते म्हणाले. परसरामनं सांगितलेली जांभळाच्या बीची तुरटी यात नव्हती, तेव्हा खोटं असं काही नव्हतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या साली ऐनाचं लाकूड. मग सागाचं. एका साली पिंप एसटीतच फुटलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "सुतारबाबा, गाडीले आंघोळ घालायची होती तं आधी सांगाचं!" बाकी दर साली परसराम ओसरीवर बसायचा, श्यामराव घोट घ्यायचे आणि मान हलवायचे. मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत दोघं बोलत बसायचे, लाकडाचं, पाण्याचं, साहेबाच्या टोपीचं. श्यामरावांना फारसे मित्र नव्हते. होळी झाली की ते ओसरी स्वतः झाडून ठेवायला लागले.

"चांगले मास्तर झाले तुम्ही," त्यांच्या पत्नी रंभाबाई म्हणायच्या. "दर साली त्या बिचाऱ्याले नापास करता. एका साली पास केलं तं काय जाईन तुमचं?"

काय जाईल, ते श्यामरावांना नेमकं ठाऊक होतं. पास झालेला माणूस पुन्हा कशाला येईल?

पंच्याऐंशीच्या चैत्रात परसराम आला तो वाळून. पिंप मोहाच्या लाकडाचं होतं. साहेबाचं पिंप आतून काळं होतं हे त्याला आता आठवलं होतं, म्हणून त्यानं फळ्या आतून विस्तवावर शेकल्या होत्या. पेला त्यानं दोन्ही हातांनी धरून पुढं केला.

श्यामरावांनी घोट घेतला. आधी आंबूस. मग जांभळाच्या बीसारखी तुरट. ते थांबले. सगळं गेल्यावर जिभेवर लाकूड राहिलं.

"सांगा, बाबूजी."

श्यामरावांनी पेला खाली ठेवला. हो म्हणावं, तर कशाच्या आधारावर? आणि हो म्हटल्यावर हा पुढच्या चैत्रात कुठं असेल?

"जवळ आली," ते म्हणाले. "थोडी बाकी आहे."

परसरामनं पेला उचलून घेतला. मग हसला. "अजून बाकी? आता हात कुठं चालतात, बाबूजी."

"चालतील."

तेव्हाच त्यांनी ठरवलं. पुढच्या साली आधी पपईचं सांगायचं. मग त्याला म्हणायचं, तुमचे शब्द मी अकरा वर्षं जपले, आणि या घोटात ते जसेच्या तसे भेटले.

कार्तिकात लाखांदूरच्या कंडक्टरनं गाडीच्या खिडकीतूनच सांगितलं, सुतारबाबा गेले. मोहाचं पिंप श्यामरावांच्या ओसरीवरच राहिलं. लाकूड सुकलं की कडी सैल होतात, म्हणून ते अजून त्यात पाणी भरून ठेवतात. कधी झाकण काढून नाक जवळ नेतात. आता त्याला नुसता पाण्याचा वास येतो.

पंच्याऐंशीच्या चैत्रातल्या त्या शेवटच्या भेटीच्या संध्याकाळी स्टँडवर गाडी लागली, तेव्हा परसराम पिंपाच्या रिकाम्या पिशवीची घडी करत पायरी चढला होता.

"डावीकडं बसा, ऊन लागणार नाही," श्यामराव म्हणाले.

"हो जी. तुम्ही जा आता. बाईनं भात टाकला असन."

"टाकला असेल. जातो मग."