पिवळा गुडघा

आंबेहळद उगाळली की तिचा कैरीसारखा कोवळा वास आधी सहाणेवर रेंगाळतो आणि मग हलके हलके घरभर होतो. त्या वासाने मला हटकून ग्लेनचा गुडघा आठवतो. हसू नका, प्रत्येकाच्या आठवणी चाफ्याबकुळीच्याच असतील असं थोडंच आहे!

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. बहरीनच्या राजधानीत, मनाम्यात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत, खाली कापडाची दुकानं आणि वर आमची बिऱ्हाडं. मी बँकेत अकाउंटंट. समोरच्या बिऱ्हाडात हा ऑस्ट्रेलियन ग्लेन उतरला, इथल्या एका क्लबकडून बास्केटबॉल खेळायला. मेलबर्नमध्ये ऐन तारुण्य उधळून, मग मनिलाला दोन घटका रमून, उतरत्या वयात तो या बेटावर आला होता. चेंडू पुढे आणायचा, कुणी कुठे धावायचं ते बोटांच्या खुणांनी सांगायचं आणि नेमक्या क्षणी तो दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, हे त्याचं काम. याला पॉइंट गार्ड म्हणतात, हे त्यानेच मला शिकवलं. आजूबाजूच्या एकट्या राहणाऱ्या मराठी मुलांचं ऐकून तोही माझ्या बायकोला, सुनंदाला, ‘वहिनी’ म्हणू लागला आणि शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, हक्काने पोह्यांना येऊन बसू लागला. फार गोड माणूस.

फेब्रुवारीतलं मऊ, मधाळ ऊन जिन्यात उतरलेलं असताना सुनंदाने त्याला कठडा धरून आडवं उतरताना पाहिलं. गुडघा सुजला होता. मोसमातला शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी होता आणि त्यानंतर त्याच्या कराराचा निर्णय व्हायचा होता. क्लबला सुजेचा सुगावा लागला असता तर सगळं खलास. म्हणून पट्टासुद्धा न बांधता तो खेळणार होता. ‘बसा इथे,’ सुनंदा म्हणाली, आणि आंबेहळद आणि हळदीच्या गरम लेपाचा जाड थर देऊन तिने बजावलं, ‘सकाळी धुऊन टाका.’

आमच्या सावळ्या कातडीवर हळद धुतली की जवळजवळ जाते. त्या गोऱ्यापान गुडघ्याचा विचार कुणी केला होता? मैदानावर दिव्यांच्या झोतात तो धावत आला आणि पाहतो तर काय, अर्धी चड्डी वर सरकली की खाली झेंडूच्या फुलासारखा पिवळाधमक गुडघा! प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेल्या सुनंदाने ओढणी तोंडाशी धरली. प्रतिस्पर्ध्यांना दुखरी जागा आयतीच कळली. ते त्याच बाजूने त्याला रेटू लागले. ग्लेनच्या ते ध्यानात आलं असावं. शेवटच्या मिनिटांत तो मुद्दाम जरा जास्तच लंगडला, दोघेजण त्याच्यावर तुटून पडले, आणि त्याने न बघताच चेंडू रिकाम्या कोपऱ्याकडे भिरकावला. तिथे कुणीच नव्हतं. पण चेंडू पोहोचेस्तोवर ग्लेनच्याच संघातला उमदा खेळाडू जासिम तिथे होता. बास्केट झाली, सामना जिंकला. सगळं स्टेडियम जासिमकडे पाहत होतं. क्लबचा मॅनेजर तेवढा गुडघ्याकडे पाहत होता.

करार पुढे वाढला नाही. सुनंदाला अन्न गोड लागेना. डोळे पुसतच ती त्याची क्षमा मागायला गेली. तो खळखळून हसला. ‘वहिनी, गुडघा तुमच्या आधीच संपला होता. तुम्ही फक्त रंग दिलात.’ त्या हसण्याने आम्हाला अधिकच गलबलून आलं.

निघायच्या दिवशी, समुद्राचा खारट दमटपणा आणि खालच्या भट्टीतल्या खुबूस रोटीचा खमंग वास खिडकीतून एकत्र येत असताना, मी त्याला विचारलं, रिकाम्या जागी चेंडू टाकायचं धाडस होतं तरी कसं? बॅगेचा पट्टा आवळत तो म्हणाला, ‘माणूस असतो तिथे चेंडू द्यायचा नसतो. तो जिथे पोहोचणार, तिथे द्यायचा. पोहोचेल म्हणून भरवसा ठेवायचा, बस.’

त्याची टॅक्सी वळणाआड गेल्यावरही आम्ही खिडकीतच उभे राहिलो. पुण्याला आम्ही घर घेऊन ठेवलं होतं, कुलूपबंद. सुनंदाने तिथल्या खिडक्यांसाठी पडदेसुद्धा शिवून पाठवले होते; आमच्या लेकीच्या खोलीला फिकट निळे. लेक आता मराठीतलं सगळं समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. आपण तिथे केव्हा पोहोचणार, हे आम्ही दोघांनी इतक्या वर्षांत एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सुनंदाने विचारलं.