फुटलेली नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे सावकाशबाई म्हणायचे. एकोणीस वर्षं ती थुंकीच्या नमुन्यांत क्षयाचे जंतू शोधत होती, आणि एकेका नळीचं बूच इतक्या बेतानं काढायची की नव्या मुली तोंड दाबून हसायच्या.

त्या दिवशी मात्र तिला घाई होती. सुनेला नववा लागला होता आणि दुपारी तिला तपासणीला न्यायचं होतं. नमुने गरगर फिरवणारं यंत्र थांबता थांबता आत काहीतरी कडकन वाजलं. असा आवाज आला तर झाकणाला हात लावायचा नाही, खोलीबाहेर जाऊन थांबायचं, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. तरी तिनं झाकण उचललं.

एक नळी फुटली होती. झाकणाला आतून बारीक ओल लागली होती. हवेत काहीच दिसत नव्हतं. मास्क सकाळपासून नाकापाशी सैल बसतोय, हे तिला तेव्हा आठवलं.

श्वास रोखून तिनं झाकण लावलं, बाहेर येऊन दार ओढलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. एवढ्यात सफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या.

"सरका बाई, फरशी पुसून घेते."

"आत जायचं नाही."

"पाच मिनिटांचं तर काम आहे!"

"नाही म्हटलं ना!" ती ओरडलीच. मावशी बघतच राहिल्या.

कुणी पाहिलं नव्हतं. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ती म्हणाली, "नळी फुटलीय मावशी. आणि मी झाकण उघडलं."

प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी खोली बंद करवली. "आज रक्त देऊन ठेवा. खरं काय ते आठ आठवड्यांनी कळेल. आणि लगेच तुमच्यापासून कुणाला लागण होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

तिला ते ठाऊक होतं. शंभर जणांना तिनंच समजावलं होतं. घरी मात्र तिनं पेला वेगळा केला, खिडकी सताड उघडून बाहेरच्या खोलीत झोपू लागली. दिवसातून तीनदा ताप बघायची. घशात जरा खवखवलं की पुन्हा थर्मामीटर लावायची.

नात झाली. आजी तिला दारातूनच बघायची.

"आई, घ्या ना हिला," सून म्हणाली.

"हात गार आहेत गं माझे."

चौथ्यांदा तेच ऐकल्यावर सुनेचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

मग तिला राहवेना. तिनं सगळं सांगितलं, दाराची चौकट न सोडता. नकळत सुनेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. ते सावकाशबाईंना दिसलं.

पहिल्या दिवशी रक्तात काही निघालं नव्हतं, आठ आठवड्यांनी मात्र लागण दिसली. एक्स-रे स्वच्छ होता.

"जंतू अंगात आहेत, पण झोपलेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही महिने गोळ्या घ्या. नातीला खुशाल जवळ घ्या."

तिनं घेतलं, मास्क लावून, मान दुसरीकडे वळवून. बाळाच्या टाळूवर आपला श्वास पडू नये म्हणून ती मधेमधे तो धरून ठेवत होती.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, रजा संपवून ती कामावरही परत गेली. पण सकाळी डोळे उघडले की ती अजूनही आधी एक खोल श्वास घेते आणि खोकला येतोय का, याची वाट बघत पडून राहते.